तीन उशांचा नवरा

"नाडी लागत नाहीये," ब्रदर म्हणाला.

तो पलंगाशेजारी गुडघा टेकून बसला होता. पांघरुणाबाहेर आलेला पेशंटचा हात त्याने मनगटाशी धरला होता आणि खिशावर उलटं टाचलेलं घड्याळ बघत होता. हात लोकरीच्या हातमोज्यात होता. हातमोज्यात बुटांच्या खोक्यातला पातळ कागद होता. कागदात काहीही नव्हतं.

"त्यांची नाडी जरा... पहिल्यापासूनच बारीक आहे," टाचणी म्हणाली.

"हो का. हातमोजा काढू?"

"नको! त्यांना थंडी वाजते."

"फक्त उजव्या हाताला?"

"...हो."

ब्रदरने मान डोलावली, जणू असे उजव्या हाताने गारठलेले पेशंट तो रोजच बघतो. मग त्याने कपाळाला हात लावला. म्हणजे जिथे कपाळ असायला हवं होतं, तिथल्या टोपीला. टोपी अलगद आत गेली आणि आतच राहिली.

"ताप नाही," तो म्हणाला.

टाचणी खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर समुद्र होता आणि तिला त्या क्षणी तो अतिशय सोयीचा वाटला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हा गुडघा कसा केलात?"

"काय?"

"पेशंटचा गुडघा. फार खरा वाटतोय."

खोटं पकडलं गेल्यावर माणसाने रडावं किंवा चिडावं. पण कामाचं कौतुक झालं की टाचणीचा तोल जायचा.

"बाथरोब गुंडाळून घातलाय," ती म्हणाली. "जिवंत माणूस कधी सरळ झोपत नाही. एक गुडघा वाकवावाच लागतो. आणि खांदा उशीच्या थोडा खाली. नाहीतर लगेच कळतं."

"मला दारातून नाही कळलं."

"थँक्यू," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं.

*

ती कपड्यांच्या मोठ्या दुकानात शोकेसमधले पुतळे सजवायची. पुतळ्याच्या पाठीमागे सदरा चिमटून टाचण्या लावायच्या, की पुढून तो बेतून शिवल्यासारखा दिसतो. त्या टाचण्या कामाच्या वेळी तिच्या ओठांत असत, म्हणून दुकानभर तिचं नाव टाचणी. ओठांत टाचण्या असल्या की बोलता येत नाही आणि तिच्याशी कुणी बोलायला येतही नसे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जमून गेलं होतं.

सहलीला निघालेल्या कुटुंबाची तिची शोकेस दुकानदारांच्या स्पर्धेत पहिली आली. आई, बाबा, दोन मुलं आणि एक कुत्रा. पुतळ्यांना काही मिळालं नाही. तिला मिळाली चार दिवसांची क्रूझ — दोघांसाठी. तिने ताईला विचारलं. ताईच्या मुलांच्या परीक्षा होत्या. मैत्रिणीला विचारलं. मैत्रिणीचं नुकतंच जमलं होतं आणि ती आता एकटीने कुठेच जात नव्हती, अगदी फोनवरसुद्धा. शेवटी दुकानातल्या कॅशियरबाईंना विचारलं. त्यांना पाण्याची भीती वाटत होती. मग तिने विचारणं बंद केलं आणि एकटीच निघाली.

बोटीवर सगळं दोघांसाठी होतं. दोन ग्लास, दोन स्लिपरांचे जोड, खुर्च्या जोडीने. केबिन आवरणाऱ्याने टॉवेलचे दोन हंस करून पलंगावर चोचीला चोच लावून ठेवले होते. झोपताना तिने त्यांना वेगळं केलं आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. समोर एक मावशी बसल्या होत्या. कुणाच्या सख्ख्या नव्हेत, पण पाच मिनिटांत अख्ख्या टेबलाच्या मावशी झालेल्या. त्यांच्या शेजारी त्यांचे मिस्टर — काका — जे जेवण सोडून कशातच भाग घेत नसत.

"एकटीच गं?" मावशींनी विचारलं. आणि मान तिरकी केली. ती मान टाचणीला ओळखीची होती. लग्नात, बारशाला, बँकेत नॉमिनीचं नाव विचारताना... सगळीकडे हीच मान तिरकी होते.

"नाही," ती म्हणाली. "हे आहेत ना. बोट लागलीये त्यांना. पडून आहेत."

मान सरळ झाली. तेवढ्यासाठी केलं होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लिंबू घेऊन केबिनच्या दारात हजर. "उघड गं, नुसतं बघते त्याला!" टाचणीकडे जेमतेम तीन मिनिटं होती. पण तिने एकदा दिवाळखोरीतल्या दुकानाची शोकेस वीस मिनिटांत भरली होती. तीन उशा, एक बाथरोब, एक टोपी, एक हातमोजा — तिने दार फटीएवढं उघडलं आणि मावशींना आत झोपलेला नवरा दिसला.

"अगंबाई," मावशी कुजबुजल्या. "किती निपचित पडलाय!"

आणि सरळ बोटीच्या दवाखान्यात गेल्या.

*

ब्रदर म्हणजे बोटीवरचा नर्स. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात, तसंच बोटीवरही म्हणायचे. टाचणीनेही पहिल्या भेटीत म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिला तो शब्द गैरसोयीचा वाटू लागला आणि ती नुसतं "अहो" म्हणू लागली... मग ते जास्तच गैरसोयीचं वाटू लागलं.

कारण तो परत आला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हातात पिशवी, चेहरा गंभीर.

"पेशंट कसा आहे?"

"आहे तसाच."

"वाटलंच मला. काळजी घ्यावी लागेल." आणि खुर्ची ओढून बसायचा.

"पेशंट काय करतात?" त्याने एकदा विचारलं. "मावशींनी मला जिन्यात गाठलं. मला काहीतरी सांगावं लागेल."

तिने हा विचारच केला नव्हता. "पूल मोजतात," ती म्हणाली.

"लांबी?"

"नाही. किती आहेत ते."

"बरं खातं आहे." त्याने मान डोलावली. "बढती?"

"नवीन पूल झाला तर."

तो हसत नसे. फक्त त्याच्या डाव्या गालात काहीतरी हलायचं आणि तो लगेच खिडकीकडे वळायचा. ती त्या हलण्याची वाट बघायला शिकली.

तो आठ महिने बोटीवर होता. कुठलंही बंदर आलं की कुणाचं तरी पोट बिघडायचं, आणि तो वरच राहायचा. शहरं त्याला दिव्यांच्या रांगेवरून माहीत होती.

"इतकी माणसं भेटत असतील तुम्हाला," ती म्हणाली.

"भेटतात. पण ओळख पोटापुरतीच. परवा एका बाईंनी मला तिसऱ्यांदा त्यांचं ऑपरेशन सांगितलं. माझं नाव काय, ते अजून विचारलं नाही."

टाचणीने विचारलं. त्याने सांगितलं. मग त्याने तिचं विचारलं, आणि तिने दुकानात कुणाला माहीत नसलेलं खरं नाव सांगितलं. ती दोन्ही नावं दोघांनी एकेकदा हळूच उच्चारून बघितली... पेशंट जागा होणार नाही अशा बेताने.

"मला हा माणूस फारसा आवडत नाही," ब्रदर पलंगाकडे बघत म्हणाला.

"का? त्रास देत नाहीत बिचारे."

"तेच. इतकी चांगली बायको शेजारी बोलतेय, आणि हा आपला भिंतीकडे तोंड करून झोपलाय."

टाचणीने नवऱ्याच्या खांद्याची उशी उगाचच ठोकून सारखी केली. तिचे कान लाल झाले होते. पुतळ्यांचं बरं असतं, त्यांचे कान रंगवलेले असतात.

*

पाचव्या दिवशी सकाळी उतरायचं होतं. बोट बंदराच्या तोंडाशी आली आणि थांबली. धुकं. इतकं दाट की पुढच्या डेकवरून मागच्या डेकवर माणूस पाठवावा लागे, बोटीची मागची बाजू अजून आहे का बघायला.

"धुकं निवळताच आपण बंदरात शिरू," कर्ण्यातून आवाज आला. "थोड्याच वेळात."

थोडा वेळ दोन दिवस टिकला.

लोक आधी चिडले, मग रुसले, मग विचित्र वागू लागले. एक गृहस्थ दर घोषणेला आपल्या चार बॅगा डेकवर आणायचे आणि तासाभराने परत न्यायचे. त्यांना सगळे बॅगवाले म्हणू लागले. पियानोवाल्याची गाणी संपली, तर त्याने तीच सावकाश वाजवायला घेतली. सूप दिवसेंदिवस पारदर्शक होत गेलं. टॉवेलचे हंस करणाऱ्याचाही हुरूप संपला असावा, कारण टाचणीच्या पलंगावर सहाव्या दिवशी एक साधी गुंडाळी होती. ती तिने बराच वेळ निरखली. कदाचित तो साप असेल.

ती एकटीच खूश होती. हे उघडपणे दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून घोषणा झाली की तीही सगळ्यांबरोबर "छे!" म्हणायची. पण संध्याकाळी दारावर टकटक व्हायची, आणि तिला आधीच पाऊल ओळखू यायचं.

तो निघून गेला की केबिन मात्र पहिल्यापेक्षा मोठी वाटायची. आधी तिला एकटं असण्याची सवय होती. आता सवय मोडली होती, आणि बोट कधीतरी बंदराला लागणारच होती. मग चार जिने, एक खोली, सकाळी ओठांत टाचण्या. एकदा दिवा मालवताना ती उशांना "झोपते मी" म्हणाली. कुणी काही बोललं नाही. तिने दिवा परत लावला.

खरी अडचण टेबलावर होती. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निश्चल होता.

"बोट थांबलीये गं," मावशी म्हणाल्या. "मग आता काय लागतंय त्याला?"

"थांबलेली लागते," टाचणी म्हणाली. "हलती आता त्यांना सोसते."

मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातात कोंबलं. "सकाळ-संध्याकाळ दे. आणि तू जेव. नवरा आजारी म्हणून बायकोनं वाळायचं नसतं." आणि स्वतःच्या ताटातला पाव तिच्या ताटात टाकला. मावशी पावासाठी रांगेत उभ्या राहिल्या होत्या. टाचणीला तो पाव गिळताना पहिल्यांदा लाज वाटली.

सातव्या दिवशी धुकं उठलं. ऊन पडलं, शहर दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅगवाल्यांनी बॅगा आणल्या. मासेमारीच्या होड्या आत गेल्या, कोळशाचं एक गलबत आत गेलं, एक बदकांचा थवासुद्धा आत गेला. बोट जागची हलली नाही.

*

ब्रदर त्याच सकाळी नाश्त्याआधी आला. टकटक केली नाही. खुर्चीत बसलाही नाही.

"मावशी काल कॅप्टनला भेटल्या," तो म्हणाला. "आमच्या टेबलावरचा मुलगा सहा दिवस अंथरुणाला खिळलाय, त्याला सगळ्यात आधी उतरवा, म्हणाल्या. हात जोडून सांगितलं म्हणे."

"मग?"

"कॅप्टनने बंदराला कळवलं. बंदर म्हणतं, सहा दिवसांचा आजार साथीचा असू शकतो. त्यांचा डॉक्टर पेशंटला तपासेपर्यंत बोट आत येणार नाही. डॉक्टर दुसऱ्या बंदरावर आहे. परवा येईल."

वरून बॅगवाल्यांच्या बॅगा घसटल्याचा आवाज आला. परत नेत होते.

"आणि तुम्हाला विचारलं?"

"नाश्त्याला सगळ्यांसमोर सांगायचंय मला, काय झालंय पेशंटला ते." तो उशांकडे बघत होता. "मला ओळखू आलं नाही म्हणालो, तर मी उशी न ओळखणारा नर्स. ओळखू आलं होतं म्हणालो, तर मी उशीवर उपचार करणारा नर्स. दोन्हीकडून सारखंच."

"मग काय सांगणार?"

"केबिनचा नंबर माझा चुकला, म्हणून सांगेन. पेशंट कुणी नव्हताच, सगळा घोळ माझाच. तुम्ही दार लावून बसा. तुमच्याकडे कुणी... तशी मान करून बघणार नाही."

तिने त्याला त्या मानेबद्दल एकदाच, सहज सांगितलं होतं. त्याच्या ते लक्षात होतं.

तो गेला. टाचणी पलंगावर बसली, नवऱ्याशेजारी. तिला आठवलं, शोकेस बदलायची वेळ आली की ती पुतळ्याला सगळ्यांदेखत उचलते. काखेत हात घालून, पाठीला आधार देऊन. रस्त्यावरचे लोक हसतात. त्यात तिला कधीच काही वाटलेलं नाही.

ती उठली आणि तिने नवऱ्याला काखेत हात घालून उचललं.

*

जेवणाच्या दालनात सगळी बोट जमली होती. कॅप्टन दमलेल्या चेहऱ्याने उभा होता, शेजारी ब्रदर. "केबिनचा नंबर," ब्रदर सांगत होता, "माझ्याकडून—"

टाचणी दोन टेबलांमधून वाट काढत आली. नवऱ्याचा एक पाय वाटेत सुटला, तो तिने मागे वळून उचलला. आपल्या टेबलाशी येऊन तिने त्याला सात दिवस रिकाम्या असलेल्या खुर्चीवर बसवलं. पाठ सरळ केली. गुडघा वाकवला.

"हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "तीन उशा आणि एक बाथरोब. मी एकटी आले आहे."

कर्णा नसूनही ते शेवटचं वाक्य दालनभर ऐकू गेलं. पियानोवाल्यानेसुद्धा हात थांबवले.

"ब्रदरना काही माहीत नव्हतं," ती घाईने म्हणाली. "मी त्यांना दारातूनच परत पाठवत होते. एकदासुद्धा आत—"

"आत जात होतो मी," ब्रदर म्हणाला. "रोज. दोनदा."

"कशासाठी?" कॅप्टनने विचारलं.

"गप्पा मारायला." त्याच्या गालात आज काहीच हललं नाही. तो कॅप्टनकडे बघतच नव्हता. "पेशंट बरा होऊ नये, असं वाटत होतं मला. धुकंही... उठू नये असं वाटत होतं. माझ्या हातात तेवढं एकच होतं, म्हणून मी याला आजारी ठेवला."

कुणीतरी हसलं. बॅगवाले म्हणाले, "म्हणजे माझ्या बॅगा—"

टाचणी मावशींकडे बघत होती. मावशी हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"मी त्याला यांच्या गोळ्या दिल्या," त्या म्हणाल्या. "माझी झोप गेली गं दोन रात्री."

"माझ्या गोळ्या?" काका म्हणाले. आठवड्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं.

"चुकलं माझं, मावशी," टाचणी म्हणाली. "तुम्ही 'एकटीच गं?' म्हणालात, आणि..."

"आणि काय? सरळ हो म्हणायचंस. मी काय खाल्लं असतं तुला?" मावशी उठल्या. त्यांनी उशांच्या नवऱ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. मग हात पुढे करून त्याची टोपी सारखी केली, आणि दालनाबाहेर गेल्या.

कॅप्टनने तिथूनच बंदराला फोन लावला. "पेशंट नाही," तो म्हणाला. "उशा आहेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कॅप्टनने डोळे मिटले. "नाही. उशांना काही झालेलं नाही."

*

दुपारी बोट धक्क्याला लागली. ती उशिरा आली होती म्हणून लगेचच नव्या प्रवाशांना घेऊन निघणार होती. नर्सशिवाय बोट सुटत नाही, त्यामुळे ब्रदरची नोकरी वाचली. पण या बंदरातली त्याची एक दिवसाची सुटी, आठ महिन्यांतली पहिली, कॅप्टनने रद्द केली.

हे टाचणीला केबिन आवरणाऱ्याकडून कळलं. ब्रदर तिला उतरताना दिसला नाही. कुणाचं तरी पोट बिघडलं असेल.

मावशी शिडीच्या पायथ्याशी काकांची बॅग शोधत होत्या. टाचणी जवळून गेली तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. पण म्हणाल्या, "घरी पोचलीस की कळव. खरं काय ते कळव," आणि एका चिठोऱ्यावर नंबर लिहून तिच्या हातात दिला.

धक्का रिकामा झाला. नवे प्रवासी वर गेले, जोडीजोडीने. टाचणी बॅगेवर बसून राहिली. घरी जायला उशीर होत नव्हता. तिथे कुणी वाट बघत नव्हतं. शिट्टी झाली. दोर सोडायला माणसं वाकली. तिने स्वतःला बजावलं, आता ऊठ.

तेवढ्यात समुद्राच्या बाजूने काहीतरी पांढरं सरकत आलं. आधी दीपस्तंभ गेला. मग बोटीचं पुढचं टोक. मग दोर सोडणारी माणसं कमरेपर्यंत.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी," वरून कर्णा म्हणाला. "धुक्यामुळे बोट सुटायला उशीर होईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

वरच्या डेकवर नवे लोक "छे!" म्हणाले.

शिडीवर पावलं वाजली. टाचणीला पाऊल ओळखू आलं. ती उठून शिडीपाशी गेली. ब्रदर शेवटच्या पायरीवर येऊन थांबला. मग त्याने एक पाय धक्क्यावर ठेवला आणि दुसरा पायरीवरच राहू दिला.

"उतरायला बंदी आहे," तो म्हणाला. "पण एक पाय बोटीवर असेल तर उतरलो असं होत नाही. मी विचारून आलोय."

"काय म्हणाले कॅप्टन?"

"कपाळाला हात लावला. मी त्याला होकार धरलं."

ती हसली. मग तिला काय बोलावं ते सुचेना. ओठांत टाचण्या नसताना असं पहिल्यांदाच झालं होतं.

"बोट परत कधी येते इथे?" तिने विचारलं.

"तीन आठवड्यांनी. उशीर झाला नाही तर."

"होऊ दे. मी थांबेन." ती जरा घुटमळली. "माझ्या शोकेसमध्ये या वेळी हिवाळा आहे. दोन पुतळे आहेत, दुसऱ्याला हात कुठे ठेवायचा ते मला कळत नाहीये. तू... बघून सांगशील?"

तिने तू म्हटलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"हात दे," तो म्हणाला.

तिने दिला. त्याने तिचं मनगट धरलं, दोन बोटं हळूच सरकवून नाडीवर टेकवली आणि मान खाली घातली. धुकं इतकं दाट झालं होतं की बोट दिसेना, धक्का दिसेना. वर कुणीतरी बॅगा डेकवर आणत होतं.

"लागतेय?" तिने विचारलं.

"लागतेय."

तो मोजत राहिला. घड्याळ त्याच्या खिशावर उलटं टाचलेलं होतं, आणि त्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.